राग कुणाचा, हात कुणाचा

दादा, तुझे हात एकदाचे थांबले. इतकी वर्षं ते फक्त झोपेत थांबायचे, म्हणून त्या सकाळी मला वाटलं, तू झोपलाच आहेस. मी पांघरूण सारखं केलं, बाहेर जाऊन चूल पेटवली, तुझ्यासाठी तांदळाची पेज चढवली, माझ्या इंदूला अंगण झाडायला सांगितलं. पेज निवल्यावर तुला उठवायला आले आणि खांद्याला हात लावल्याबरोबर कळलं. इंदूला हाक मारण्याआधी मी तुझ्याजवळ थोडी बसले. कितीतरी दिवसांनी तुझा चेहरा जसा होता तसा मला पाहायला मिळत होता. भुवया उडत नव्हत्या, ओठ ओढले जात नव्हते. लहानपणी बोरीच्या काट्यानं हनुवटीवर झालेली खूण अजून तिथंच होती. मी ती विसरूनच गेले होते.

माणसं जमली. कोणी म्हणालं, "सुटला बिचारा." दाराशी कोणीतरी हळूच म्हणालं, "दारू पेनं सोडलं असतं त अजून जगला असता." मी ऐकलं. ओठांवर आलेलं उत्तर गिळलं, कारण ते बोलायचं नाही असं तूच मला बजावून ठेवलं होतंस.

आता तेरवी होऊन पाहुणे आपापल्या गावी गेले. तू आदळून तुला लागू नये म्हणून तुझ्या खोलीच्या भिंतींना बांधलेल्या गोधड्या मी सोडवून उन्हात टाकल्या. घरात आता काही पडत नाही, काही फुटत नाही. या शांततेची मी किती वाट पाहिली होती! आणि आता तिच्यात मला बसवत नाही. इंदू आहे, पण ती तिच्या वयाच्या विचारांत असते. शाळेत शिकवून आल्यावर पाय धुऊन मी तुझ्या खाटेपाशी बसायची आणि तुझ्याशी भांडायची, तेवढा वेळ रोज मोकळा पडतो. तू भांडण अर्ध्यात टाकून गेलास, दादा. माझं अजून बोलून झालेलं नाही.

आपल्या घरात रागाचं केवढं कौतुक होतं, आठवतं? आपले पूर्वज माळव्यातून तलवारी घेऊन आले, जंगल तोडून इथं धानाचे बांध घातले, हे बोलायला लागायच्या आधीपासून आपण ऐकत आलो. "आपलं रगत गरम आहे," असं आपली माय सुद्धा म्हणायची, आणि ती बिचारी दुसऱ्या घरातून आलेली, आवाज चढवणं तिला जमायचंही नाही. बाबांनी जेवणाचं ताट भिरकावलं की शेजारी म्हणायचे, "पटलाचा राग! बापावर गेला." बाबांना ते ऐकून बरं वाटायचं. आपण दोघं धान साठवायच्या ढोलीमागे लपायचो. तू माझ्या कानांवर हात दाबून धरायचास, स्वतःचे कान उघडे ठेवून.

मग बाबांचं चालणं बदललं. पाऊल टाकायचं एकीकडे आणि पडायचं दुसरीकडे, खांदा आपोआप उडायचा, पानाचा विडा तोंडाऐवजी गालाला लागायचा. बाबांनी जन्मात मोहाची दारू घेतली नव्हती, तरी लोकांनी आधी दारूच म्हटलं. मग म्हटलं, बाहेरचं लागलं. माय सगळ्यांचं ऐकून सगळे उपाय करत राहिली.

तू तेव्हा नागपूरला शिकत होतास. बाबांना गाडीत घालून तिथल्या मोठ्या दवाखान्यात तूच नेलंस. मी नवीनच सासरी गेले होते. तिथं काय झालं ते तू मला फार उशिरा सांगितलंस, पण इतकं नीट सांगितलंस की वाटतं, मीही त्या बाकावर होते. म्हाताऱ्या डॉक्टरनं बाबांना चालायला लावलं. जीभ बाहेर काढून तशीच धरून ठेवायला सांगितली. बाबांची जीभ ठरेना, सारखी आत-बाहेर होत राहिली. तेव्हा डॉक्टरनं बाबांकडे पाहणं सोडलं आणि तुझ्याकडे पाहिलं.

"तुझे आजोबा कसे गेले?"

"विहिरीत पडून. फार रागीट होते म्हणतात."

"चालायचे कसे?"

तुला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "घरी विचारून पाहा. मला वाटतं, असेच चालत असतील." मग त्यानं तुला समजेल अशा शब्दांत सांगितलं. हे दारूनं होत नाही, भुतानं होत नाही, कुणाच्या पापानंही होत नाही. हे आईबापाकडून लेकरात उतरतं. एकात उतरतं, दुसऱ्यात उतरत नाही, आणि ज्याच्यात उतरलं नाही त्याच्या लेकरांना काही धोका नाही. पण उतरलं आहे की नाही हे चाळिशीच्या आसपास कळतं, आणि तोवर माणसाला लेकरं झालेली असतात. बरेचदा हातपाय नंतर बिघडतात, आधी स्वभाव बिघडतो. शांत माणूस चिडका होतो, विश्वासू माणूस संशय घेतो, आणि घरचे म्हणतात, हा आता खरा दिसला.

तू औषध विचारलंस. त्यानं बाबांच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण लावून दिलं आणि म्हणाला, "यांच्यावर रागावू नका. माझ्याकडे एवढंच आहे."

त्याच साली धान कापून झाल्यावर भाट आला. मी माहेरी आलेली होते. ओसरीवर बसून त्यानं आपल्या पिढ्या तोंडपाठ म्हणायला घेतल्या आणि पणजोबांवर आल्यावर आवाज चढवला. राग असा, की भरलं ताट अंगणापल्याड जायचं. चाल अशी, की मस्त हत्तीसारखे डुलत यायचे आणि वाटेतली माणसं बाजूला व्हायची. सगळे खुशीत आले. बाबा सुद्धा खाटेवर पडल्या पडल्या हसले. तू एकटा हसला नाहीस.

"डुलत म्हंजे कसे?" तू विचारलंस.

"डुलत म्हंजे डुलत, बाबू! बिनदारूची नशा. रगताची नशा!"

तू त्याच्या झोळीत धान घातलंस आणि कोणाशी न बोलता बांधाकडे निघून गेलास. मी मायला विचारलं, "दादाले काय झालं वो?" माय म्हणाली, "लगीन जवळ आलं ना, लाजून राहिला."

लगीन! नवेगावबांधच्या कौसल्येशी तुझी सुपारी फुटली होती. तिच्या घरून तलावातले शिंगाडे आले की त्यातले मोठे मोठे निवडून मी म्हणायची, हे खास तुझ्यासाठी, आणि तुझे कान लाल व्हायचे. अशा तुझ्या तोंडून एके दिवशी निघालं की मला हे लग्न करायचं नाही. मायनं डोकं आपटून घेतलं. बाबा ओरडले, पण काय ओरडले ते तेव्हा कुणालाच कळत नव्हतं. तिकडून कौसल्येची आई जाब विचारायला आली आणि कौसल्या हट्टानं तिच्यासोबत आली. बायका आत भांडत होत्या. ती सरळ मागच्या कोठ्यात शिरली. तू बैलांपुढे तणस टाकत होतास. मी तिच्या मागेच होते.

"काऊन मोडली?" तिनं विचारलं.

"मले लगीनच नाई करावाचं."

"माह्यात काय खोट आहे?"

"तुह्यात काईच खोट नाई."

"मंग दुसरी कोनी आहे?"

तू खाली वाकून तणसाची आणखी एक पेंढी सोडलीस. मग म्हणालास, "हो."

"वर पाहून सांग."

तू वर पाहिलंस. "हो. आहे."

ती रडली नाही. "तिलेबी असाच फसवजो," म्हणाली आणि आईला न घेताच गाडीत जाऊन बसली. नंतर मी तुला विचारलं, कोण आहे ती, आणि तू म्हणालास, "कोनी नाई. आन हे तू कोनाले सांगशीन नाई." मी सांगितलं नाही. पण माझ्या मनातून तू तेव्हा उतरलास, आणि बरीच वर्षं उतरलेलाच राहिलास. तिला बाबांच्या रोगाचं खरं सांगितलं असतं तर ते गावभर झालं असतं, आणि मग माझ्या सासरी पोचलं असतं. तुझ्या रक्तात जे असेल ते माझ्यातही असणार, एवढा हिशेब कुणीही मांडला असता, आणि माझी गाठोडी बांधून मला तिरोड्याच्या स्टेशनावर सोडून दिलं असतं. हे तू कधी मला बोलून दाखवलं नाहीस. ते मला माझं मी उमगलं.

तशी मी आलेच परत. इंदू अंगावर पीत होती तेव्हा तिचे वडील हिवतापानं गेले. बाबा आणि माय त्याआधीच गेले होते. तू गाडी घेऊन मला न्यायला आलास आणि वाटेत एकदाही म्हणाला नाहीस की आता कसं होईल. घरी आल्यावर महिनाभर रडू दिलंस आणि मग माझ्यापुढे पाटी ठेवलीस. विधवा बाई शिकते म्हणून गाव हसलं. तू धानाच्या राशीशेजारी बसून मला त्रैराशिक शिकवत होतास. मी चुकले की तू कधी ओरडायचा नाहीस, नुसतं म्हणायचास, "पुन्हा कर गा," आणि मी म्हणायची, मी काय पोट्टा आहे, मला गा म्हणतोस! मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली ती तुझ्या त्या थंड डोक्यामुळे. इंदूला तू खांद्यावर घेऊन बोदलकशाच्या तलावावर न्यायचास. ती तुझे केस धरून ओढायची, तुला दुखायचं, तरी तू हसायचास. त्या वर्षांत मला वाटायचं, आपल्या घराण्याचा राग तुला चुकून मिळालाच नाही.

ज्या दिवशी कळलं, तो दिवस मला अजून पाठ आहे. तू पेंढ्या बांधत होतास. एक बांधून झाली की दोन्ही हात मांडीवर ठेवून दम घ्यायचास, आणि तेवढ्यात तुझ्या डाव्या हाताची बोटं, पेटी वाजवावी तशी, आपली आपण हलायची. मी पाहिलं. मी पाहिलं हे तू पाहिलंस. हातातली पेंढी खाली ठेवून म्हणालास, "चाल, तलावाकडे जाऊ."

बांधावर बसून तू सगळं सांगितलंस. दवाखाना, भाट, कौसल्या. माझ्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो, "इंदू?"

तू बांधावरचं गवत उपटायला लागलास.

"आन मी?"

"तुले नसनबी, सरू."

"आन असन त?"

मग मी जी ओरडले, की पाण्यातला ढिवर जाळं थांबवून आपल्याकडे पाहायला लागला. "तू आपलं लगीन मोडलं! माझं काऊन होऊ देलं?"

"तुझं झालं होतं. तू सासरी होतीस."

"इंदू व्हायच्या आधी सांगाचं होतं!"

"सांगून तू काय केलं असतंस?"

"ते मी पाहिलं असतं! ते माझं होतं पाहाचं!"

तेच आपलं भांडण, दादा. त्या बांधावर सुरू झालं ते तुझ्या खाटेपर्यंत चाललं. तू म्हणायचास, तुला इंदू नको होती का? मी म्हणायची, इंदू मला हवीच आहे, पण ठरवायला मलाही हवं होतं. तुझ्यासाठी तू ठरवलंस, आणि माझ्यासाठीही तूच ठरवलंस. तू म्हणायचास, "तुले भेव नको म्हून." मी म्हणायची, भीती माझी, तू कायले उचललीस? यावर तू बिडीसाठी खिसा चाचपायचास.

आणि मग तो राग आला, ज्याची तू वीस वर्षं वाट पाहत होतास. नांगर अडला म्हणून तू बैलाला मारलंस. तू, ज्यानं कधी बैलाच्या शेपटीला हात लावला नव्हता! मारत राहिलास, बैल हाकायच्या तुतारीचा दांडा मोडेपर्यंत. घरी येऊन ओसरीवर बसलास आणि लहान मुलासारखा रडलास. मी म्हटलं, "तो राग तुझा नाही, दादा. रोगाचा आहे. डॉक्टरनं सांगितलं होतं ना?"

तू म्हणालास, "राग येते तो माझा नाई. पन हात माझाच आहे."

दुसऱ्याच दिवशी तू दोन्ही बैल अर्ध्या वाट्यानं आपलं शेत करणाऱ्या अधियादाराकडे नेऊन बांधलेस. कुऱ्हाड, विळे, भाजी चिरायची पावशी, सगळं शेजारच्या घरी ठेवायला लावलंस. मला म्हणालास, "मी तापलो का तू इंदूले घेऊन बाहेर पड. माझ्याशी वाद घालशीन नाई." राग येणं तुझ्या हातात नव्हतं. पण तो यायच्या आधीच तू त्याच्या वाटेतल्या वस्तू उचलून ठेवत होतास. मला अजून कळत नाही, हा शहाणपणा तुझ्या रक्तात कुठून आला. एकदा मी विचारलंही होतं. म्हटलं, राग बाबांकडून आला म्हणतोस, मग हे थंडपण कुणाचं? तू म्हणालास, "मायचं." म्हटलं, मग तुझं स्वतःचं काय आहे? तुझं तोंड वेडंवाकडं होत होतं, त्यातूनच हसलास. "ते मलेबी माहीत नाई. तू मास्तरीन आहेस, तू शोध."

शोधते आहे. सापडत नाही.

पुढच्या वर्षांबद्दल मी कोणाशी बोलत नाही. तू म्हणायचास, मी जेवणात काहीतरी घालते. तू म्हणायचास, मला जमीन हवी आहे. उकळत्या वरणाचं भांडं माझ्या कानाजवळून गेलं. मी इंदूला घेऊन कोठ्यात जाऊन बसायची आणि डॉक्टरचं ते औषध घ्यायचा प्रयत्न करायची. यांच्यावर रागावू नका. कधी जमायचं, कधी नाही.

पण एक गोष्ट मी तुला कधी विचारली नाही. आषाढातला दिवस होता, धानाची रोवणी चालली होती, घरात आपण दोघंच. तू चिडलेला होतास. आणि एकाएकी, अगदी स्पष्ट, न अडखळता, माझ्याकडे पाहून म्हणालास, "तुह्यापायी माझं घर झालं नाई."

रोग बोलला का ते, दादा? की तू बोललास? इतक्या वर्षांत जे तू एकदाही ओठांवर आणलं नाहीस, ते तिथं खाली पडून होतं, आणि रोगानं फक्त झाकण काढलं? मी रात्रंदिवस ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं. रोगाचं असेल तर मला ते विसरलं पाहिजे. तुझं असेल तर मला त्याला उत्तर दिलं पाहिजे. संध्याकाळी तू शांत झालास आणि पेज मागितलीस, जणू काही झालंच नाही. तुला आठवत नव्हतं, की आठवूनही तू मला वाचवत होतास? मी विचारू शकले असते. त्यानंतर किती संध्याकाळी आपण जवळ बसलो. पण तू "हो" म्हणालास तर मी काय करणार होते? आणि "नाही" म्हणालास तरी मी विश्वास ठेवला नसता. कौसल्येपुढे वर पाहून "हो, आहे" म्हणालेला माणूस तू.

म्हणून आता, तू नसताना, मी दोन्ही धरून चालते. रोगाचं असेल तर तुला माफ आहे. आणि तुझं असेल, तर ते खरं आहे, दादा. माझ्यापायी तुझं घर झालं नाही. हे कबूल करायला मला तुझ्या जाण्याची वाट पाहावी लागली.

तिरोड्याच्या बाजारातून तू झोकांड्या खात जायचास तेव्हा गल्ल्यावरचा शेठ ओरडायचा, "क्या पटेल, सुबह से ही चढ़ा ली?" आणि तू हात वर करून हसायचास. मी जळायची. म्हणायची, सांग ना त्यांना, आजार आहे म्हणून! तू म्हणायचास, "दारूडा म्हनू दे. दारू रगतातून येते असं कोनी म्हनत नाई. इंदूचं लगीन व्हाचं आहे." गेल्या हिवाळ्यात त्याच बाजारात मला कौसल्या भेटली. केस पांढरे झालेले, सोबत सून. तिनं माझी चौकशी केली, मग इकडेतिकडे पाहून विचारलं, "तो अजून पेते का वो?" तिला सगळं सांगून टाकावं असं वाटलं. मी नुसती हो म्हणून मान हलवली. घरी येऊन तुला सांगितलं. तुझं बोलणं तेव्हा फारसं कळत नव्हतं, मला तेवढं कळायचं. तू म्हणालास, "बरं झालं. दारूड्याले देली नाई म्हून देवाचे उपकार मानत असन." आणि त्यावर तू इतका हसलास की तुला ठसका लागला, आणि पाठ चोळता चोळता मीही हसले.

मी आता चाळिशी ओलांडली आहे. माझ्या हातून पेला निसटला की मी तुझ्याकडे पाहायची. तू त्या हलत्या मानेनंही नीट पाहायचास, माझी बोटं, माझे खांदे, आणि सांगायचास, "नाई. हे ते नाई. पेला ओला होता." परवा शाळेत खडू दोनदा पडला. मुली हसल्या. मी खडू उचलला आणि घरी येईपर्यंत त्या हाताला दुसऱ्या हातानं धरून ठेवलं. पोरींवर मी त्या दिवशी जरा जास्तच खेकसले होते. ते उकाड्यानं होतं का? कोणाला विचारू? ते ओळखणारा एकच माणूस होता.

आता इंदूचं सांगते. शेवटच्या वर्षात तू उलटलास. मला म्हणायला लागलास, पोरीला सांग. मी म्हटलं, वा रे वा! मला सांगायची वेळ होती तेव्हा तू तोंड शिवून बसलास, आणि आता माझ्या लेकीला सांग म्हणतोस? सौंदडच्या एका तरुण मास्तराचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. मी म्हटलं, मी सांगणार नाही. तू घशातून आवाज काढून काढून म्हणालास, "माझं चुकलं. म्हून सांगतो." ते ऐकायला मी किती वर्षं भांडले होते, आणि तू म्हणालास तेव्हा मी तोंड फिरवून उठून गेले, कारण आता ते मला नको होतं. आता तुझं बरोबर होतं असंच मला वाटायला हवं होतं. मग तुला ताप आला, आणि बोलणं राहूनच गेलं.

तेरवीनंतर मास्तराच्या घरून निरोप आला की वर्ष होऊ द्या, पण शब्द पक्का समजा. इंदू खळ्यावर धान वाळत घालत होती. मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं. तू मला सांगितलं होतंस तसंच, दवाखान्यापासून. ती ऐकत होती, पायानं धान पसरत होती. मला वाटलं, आता विचारेल, मला होईल का. तिनं विचारलं, "म्हंजे मामा पेत नव्हते?"

"कधीच नाही."

"जवानीतबी?"

"एक थेंब नाही."

ती धानातच खाली बसली आणि ढसढसा रडली. तिला वाटत होतं, तू तरुणपणी पिऊन अंगाची माती केलीस आणि आम्ही तुझं निस्तरतो आहोत. मैत्रिणी म्हणायच्या तेव्हा ती मान खाली घालायची. स्वतःसाठी ती त्या दिवशी रडली नाही. स्वतःचं तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं, भाजी चिरता चिरता, आणि मी सांगितलं, "माहीत नाही, बाई. मला झालं नाही तर तुला नाही. मला झालं तर तुलाही होईल किंवा नाही होणार." ती चिरत राहिली. मग म्हणाली, "मास्तरले मी सांगीन. तू नको सांगू. आन मामानं काय केलं तेबी सांगीन."

मी अडवलं नाही. अडवायचं मनात होतं, पण अडवलं नाही.

मास्तर काल आला. सौंदडहून गोंदियामार्गे तिरोड्यापर्यंत गाडीनं, पुढं भाड्याच्या सायकलीवर, धुळीनं माखलेला. घरी न सांगता आला होता. इंदू त्याच्याशी ओसरीवर बोलत बसली आणि मी चुलीपुढे, पाठ फिरवून. भात लागला तरी मी उठले नाही. बरंच बोलले दोघं. मग सायकलीचा आवाज दूर गेला आणि इंदू आत आली.

"काय म्हणाला?"

"विचारत होता, तुले भेव लागते का. मी म्हटलं, लागते. तो म्हने, मलेबी लागते."

"मग?"

"मंग आमी बसलो थोडा वेळ. तो म्हने, विचार करून सांगतो. मी म्हटलं, मीबी विचार करून सांगीन."

मग तिनं पाट घेतला आणि तो लागलेला भात माझ्याकडून वाढून घेतला.

तो येईल की नाही, मला ठाऊक नाही. ती काय सांगेल तेही ठाऊक नाही, आणि मी विचारणार नाही. ते तिचं आहे. पण दादा, ज्या घरात सगळ्यांना आपल्या गरम रक्ताचा एवढा गर्व होता, त्या घरात काल पहिल्यांदा कोणीतरी तोंडानं म्हणालं की मला भीती वाटते. आणि ऐकणारा उठून गेला नाही.